मडक्याला टिचकी मारून घेतो, मग खुब्याच्या गोळ्याला कोण मारतं?

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरी कुणाचा खुबा किंवा गुडघा बदलायचा आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

अमरावतीत असो की अकोल्यात, हाडाच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसलेल्या नातेवाइकांत एक चर्चा ठरलेली असते. "मेटलचा टाकायचा की सिरॅमिकचा?" आणि निकालही ठरलेला असतो. सिरॅमिक महाग, म्हणजे चांगला. कोणी शेत गहाण टाकतो, कोणी जावयाकडून उसने घेतो, पण बापाला 'भारीतला' टाकतो. आता हा भारीतला म्हणजे नेमका काय, त्याची परीक्षा कोण घेतं, कशी घेतं आणि ती परीक्षा कधी कधी नापास झाली, हा इतिहास आपल्याकडं कोणी सांगत नाही. डॉक्टरला वेळ नसतो अन् कंपनीच्या माणसाला गरज नसते.

आपल्या भागात हा विषय म्हाताऱ्यांपुरता नाही. विदर्भात आदिवासी आणि दलित समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, मेळघाटचा पट्टाही त्यात आला. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोहोचवणाऱ्या नळ्या मुळातच बारीक. तिथं अडथळा आला की गोळा आतल्या आत मरतो अन् हळूहळू खचतो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. स्टेरॉइडच्या जास्त वापरानं आणि दारूनंही तो होतो. कोविडनंतर तर शहरातल्या तरण्याताठ्या लोकांत हे नाव ऐकू येऊ लागलं. सत्तरीतल्या माणसाला बसवलेला सांधा वीस वर्षं चालला तर पुरला. पंचविशीतल्या पोराला मात्र पन्नास वर्षं हवा. म्हणूनच तरुण रुग्णाला सिरॅमिक सांगतात. ते घासून झिजत नाही म्हटलं तरी चालेल, इतकं कमी झिजतं.

सिरॅमिक म्हणजे कपबशीचीच भावकी, पण लांबची. खुब्यात बसतो तो गोळा मुख्यतः अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा. निसर्गात हेच द्रव्य स्फटिक होऊन मिळालं की त्याला माणिक आणि नीलम म्हणतात. माणकाला लाल रंग येतो तो किंचित क्रोमियममुळं. आजकालचा नव्या पिढीचा सिरॅमिक गोळा गुलाबी दिसतो, तोही क्रोमियमच्या ऑक्साइडमुळंच. म्हणजे हौसेनं बोटात घालायचं ते आता गरजेनं खुब्यात घालतात.

हाडात माती भरायची कल्पना मात्र जुनी आहे. १८९२ साली जर्मनीत ड्रेसमन नावाच्या डॉक्टरनं हाडातली पोकळी चक्क प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरल्याचं नोंदवलं. अमेरिकेत १९२० साली अल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिलं. त्या काळी परीक्षा म्हणजे रुग्णच. जखम चिघळली नाही, हाड भरून आलं, तर पास.

पुढं १९५८ च्या सुमारास इंग्लंडात जॉन चार्न्ली या सर्जननं खुबा बदलायची आजची पद्धत घडवायला घेतली. त्यानं वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. गुळगुळीत, रसायनाला दाद न देणारं, कागदावर एकदम पक्कं. सुमारे ३०० रुग्णांना त्यानं ते बसवलं. सुरुवातीला रुग्ण खुश. मग तीनेक वर्षांत वाट्या झिजल्या, झिजलेल्या चुऱ्यानं आजूबाजूचा भाग सुजला, हाड खाल्लं गेलं. त्या माणसाचा मोठेपणा बघा. त्यानं टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि महिनोन्महिने काय होतं ते पाहिलं. तिथं गाठी आल्या. हा निकाल त्यानं वैद्यकीय नियतकालिकात छापला. आणि १९६२ च्या नोव्हेंबरात तो पॉलिइथिलीनकडं वळला. ते आजही वापरात आहे.

या प्रकरणातून एक गोष्ट कळली, ती पुढं वारंवार विसरली गेली. अख्खा तुकडा शरीराला चालतो म्हणजे त्याचा चुराही चालेल असं नाही.

चुरा कमी कसा करायचा? फ्रान्समधल्या पो गावी पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये उत्तर दिलं, अ‍ॅल्युमिनाच्या वाटीत अ‍ॅल्युमिनाचा गोळा. झीज जवळपास संपली. पण दुसरं दुखणं निघालं. लोखंड आधी वाकतं, मग तुटतं, इशारा देतं. मातीचं भांडं इशारा देत नाही. आत केसाएवढी भेग असली तर वर्षभर काही दिसत नाही अन् एक दिवस 'फट्'. पहिल्या पिढीच्या गोळ्यांचे कण मोठे होते, शुद्धता बेताची होती, त्यामुळं तुटण्याचं प्रमाण आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. आणि खुब्यात सिरॅमिक फुटणं म्हणजे काच फुटण्यासारखंच. कितीही धुतलं तरी बारीक कण राहतात, आणि नंतर तिथं धातूचा गोळा बसवला तर ते कण त्याला कानशीसारखे घासतात.

बाजारात मडकं घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. टणटण वाजलं तर घ्यायचं, बद्द आवाज आला तर ठेवून द्यायचं. सिरॅमिकच्या उद्योगानं शेवटी हेच केलं. १९८१ मध्ये अ‍ॅल्युमिनासाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ ६४७४. त्यात शुद्धता, घनता, कणाचा आकार, ताकद सगळं ठरलं. पुढं चांगल्या कारखान्यांनी आणखी एक पायरी घातली. शंभरातला एक गोळा तपासायचा नाही, प्रत्येक गोळ्यावर शरीरात येईल त्यापेक्षा जास्त ताण द्यायचा. भेग असलेला तिथंच फुटतो, उरलेला डबीत जातो. साध्या शब्दांत, प्रत्येक मडक्याला टिचकी. यामुळं आज चांगल्या सिरॅमिकचा गोळा तुटणं हजारात एखादं, तेही क्वचित. उगाच कोणी घाबरू नये म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

दुसरा प्रकार आहे हाड भरायच्या सिरॅमिकचा. अपघातात हाडाचा तुकडा गेला, गाठ काढल्यावर खड्डा पडला, की त्यात दाणे किंवा ठोकळे भरतात. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाचा काचेचा शास्त्रज्ञ एका परिषदेला बसनं चालला होता. शेजारी सैन्यातला कर्नल, व्हिएतनामहून आलेला. त्यानं विचारलं, तुम्ही तीव्र किरणोत्सर्ग झेलणारी द्रव्यं बनवता, माणसाचं शरीर नाकारणार नाही असं काही बनवता येईल का? तिकडं जवानांचे हातपाय कापावे लागत होते, कारण धातू आणि प्लास्टिकभोवती शरीर भिंत बांधतं. हेंचनं सोडियम, कॅल्शियम, फॉस्फरस असलेली काच बनवली. १९६९ मध्ये ती उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली. सहा आठवड्यांनी काढायला गेले तर निघेना. हाड तिला चिकटलं होतं. तीच बायोग्लास. आपल्या हाडातलं खनिज असतं त्या जातीचं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेटही याच कुळातलं. भारतात तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था यांनी यावर बरंच काम केलंय.

या भरावाची परीक्षा गोळ्याच्या उलटी. गोळा विरघळता कामा नये. भराव मात्र विरघळला पाहिजे, पण नवं हाड येईल त्याच वेगानं. लवकर विरघळला तर खड्डा उघडा, उशिरा विरघळला तर नव्या हाडाला जागा नाही. म्हणून आयएसओ १०९९३ या मानकाच्या मालिकेत सिरॅमिकसाठी वेगळा भाग आहे. ३७ अंशाला, म्हणजे अंगाच्या तापमानाला, तो तुकडा एकदा कडक आम्लात आणि एकदा रक्ताइतक्या आम्लतेच्या द्रावणात ठेवतात. पाण्यात काय उतरलं ते मोजतात. शिवाय पेशींवर विषारी आहे का, अ‍ॅलर्जी होते का, प्राण्याच्या हाडात ठेवल्यावर काय होतं, हे सगळं. ही यादी बघून वाटतं, आता काही चुकणार नाही.

आणि इथंच झिर्कोनियाची गोष्ट सांगायला पाहिजे.

झिर्कोनिया हे अ‍ॅल्युमिनापेक्षा चिवट. त्यात भेग पुढं सरकायला लागली की टोकाजवळचे स्फटिक आपला आकार बदलतात, फुगतात आणि भेगेला चिमटीत पकडतात. १९८० च्या दशकात त्याचे गोळे आले आणि लाखोंच्या संख्येनं बसवले गेले. तुटण्याचं प्रमाण नगण्य. पण स्फटिकाची फुगण्याची हीच सवय पाण्यानं बिघडते. ओलावा आणि उष्णता मिळाली की भेग नसतानाही पृष्ठभागावरचे स्फटिक फुगायला लागतात, खरबरीत होतात. दवाखान्यात उपकरणं वाफेवर निर्जंतुक करायची सवय असते. झिर्कोनियाला ती वाफ बाधते म्हणून १९९६-९७ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं सूचना काढल्या, याला पुन्हा वाफेत घालू नका. चला, तेवढं सांभाळलं की झालं, असं सगळ्यांना वाटलं.

या गोळ्यांचा मोठा उत्पादक फ्रान्सचा, सँ-गोबँ डेमार्के. १९९८ मध्ये त्यांनी भट्टी बदलली. आधी एक घाण भरायची, भाजायची, थंड करायची, काढायची, आपल्या कुंभाराच्या आव्यासारखं. नवी भट्टी बोगद्यासारखी, एका बाजूनं माल आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, सतत. उत्पादन वाढलं. द्रव्य तेच, मानक तेच, कागद तेच. फक्त आवा बदलला. आणि काही लॉटमधल्या गोळ्यांच्या आतल्या भागाची घनता नीट जमली नाही. २००१ मध्ये अचानक गोळे फुटायला लागले. थोड्याच काळात सुमारे ४०० माणसांच्या खुब्यातले गोळे फुटले. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीनं माल परत बोलावला. जगभरात झिर्कोनियाच्या गोळ्यांचा बाजार जवळजवळ बसला.

मला हे प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण इथं लबाडी नव्हती, हलका माल नव्हता. द्रव्याच्या नावाला मान्यता मिळाली होती, पण माणसाच्या अंगात नाव जात नाही, विशिष्ट लॉटमधला विशिष्ट तुकडा जातो. कोणत्या लॉटमध्ये गडबड आहे हे कळलं ते दवाखान्यांनी लॉट नंबर जपून ठेवले होते म्हणून. तो नंबर पुढं आपल्या गोष्टीत येतो, लक्षात ठेवा.

आता आपल्या राज्यात या. २००५ पर्यंत भारतात हाडातल्या इम्प्लांटला औषधाचा कायदाच लागू नव्हता. गोळीला परवाना, सलाइनला परवाना, पण अंगात कायमचा बसवायच्या तुकड्याला नाही! मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात हृदयाच्या स्टेंटवरून वाद उठला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्रानं स्टेंट, हाडाचे इम्प्लांट, बोन सिमेंट अशी काही उपकरणं औषध कायद्याखाली आणली.

त्याच सुमारास एक नवा खुबा भारतात आला. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा एएसआर. हा सिरॅमिकचा नव्हे, धातूच्या वाटीत धातूचा गोळा. अमेरिकेत त्याच्या एका प्रकाराला २००५ मध्ये 'जुन्यासारखाच आहे' या वाटेनं परवानगी मिळाली, रुग्णांवर वेगळी चाचणी न होता. धातूवर धातू घासला, कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरलं, आजूबाजूचं मांस सडलं. चार्न्लीच्या टेफ्लॉनसारखाच घोटाळा, इथंही चुऱ्यानंच केला. ऑस्ट्रेलियात २००९ अखेर तो बाजारातून काढला. २४ ऑगस्ट २०१० ला जगभरातून परत बोलावला. तोवर सुमारे ९३ हजार लोकांना बसला होता. हे उघड झालं कशामुळं? ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या सांध्यांच्या नोंदवह्यांमुळं. ब्रिटनच्या नोंदवहीत दिसलं की पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन लागलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रानं पास केलेलं उपकरण वहीनं नापास केलं.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. इथं पहिली हालचाल दिल्लीनं नाही, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं केली. तेव्हा आयुक्त महेश झगडे होते. मुंबईत पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. पण केंद्रानं तज्ज्ञ समिती नेमायला फेब्रुवारी २०१७ उजाडला. दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजचे माजी अधिष्ठाता डॉ. अरुण अगरवाल तिचे अध्यक्ष. २०१८ मध्ये अहवाल बाहेर आला, आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की जवळपास ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. कोणाच्या खुब्यात तो तुकडा आहे, माहीत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारनं भरपाईचं सूत्र ठरवलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. कंपनी न्यायालयात गेली. अमेरिकेत याच कंपनीनं २०१३ मध्येच सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरचा समझोता केला होता. भरपाईचा कायदा आपल्याकडं नव्हता, हे खरं. पण कायदा असता तरी ज्याचं नाव वहीत नाही त्याला चेक कोणाच्या नावानं काढायचा?

एएसआर बुडाल्यावर धातूवर धातू हा प्रकार जगभर मागं पडला आणि सिरॅमिकचा भाव वाढला. आज अकोल्यात अन् अमरावतीत सिरॅमिकचं कौतुक ऐकू येतं, त्यामागं हाही इतिहास आहे.

एक तक्रार मात्र सिरॅमिकच्या चाचणीबद्दलही आहे. खुब्याची झीज तपासतात ती यंत्रावर. गोळा आणि वाटी द्रवात बुडवून लाखो वेळा फिरवतात, मानकाप्रमाणं ५० लाख फेऱ्या. दहा लाख फेऱ्या म्हणजे साधारण एक वर्षाचं चालणं धरतात. पण मूळ मानकातली हालचाल आहे सपाट जमिनीवर चालायची. आपली माणसं कशी बसतात? जेवायला मांडी, संडासला उकिडवं, निंदणाला तर दिवसभर उकिडवं. कापूस वेचणारी बाई दिवसातून शेकडो वेळा वाकते. खुबा पूर्ण वाकला की गोळा वाटीच्या काठावर टेकतो आणि सिरॅमिकसाठी काठावरचा भार सगळ्यात वाईट. सिरॅमिकच्या काही खुब्यांतून दारासारखा कुरकुर आवाज येतो अशा तक्रारी अमेरिकेत २००० च्या दशकात आल्या. त्यातही काठाला भार पडणं हे एक कारण निघालं. डॉक्टर सांगतात, मांडी घालू नका, कमोड वापरा. बरोबर सांगतात. पण मेळघाटातल्या पोराच्या घरी कमोड कुठून येणार बापा? यंत्रावरच्या चाचणीत आपलं उकिडवं बसणंही घातलं पाहिजे, हे माझं स्पष्ट मत आहे.

कागदावर आता बरीच सुधारणा आहे. वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. धोक्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग पडले, हाडाचे कायमचे इम्प्लांट वरच्या वर्गांत. मात्र अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान इथं मान्य असलेल्या उपकरणाला इथल्या चाचणीतून सूट मिळू शकते. एएसआर अमेरिकेत मान्यच होता, हे वर वाचलंच. म्हणजे खरी परीक्षा बसवल्यानंतरच्या नोंदीवर आली. सांधेरोपणाची नोंद डॉक्टरांच्या संघटनेनं ठेवायला सुरुवात केली, पण ती स्वेच्छेची. उपकरणामुळं काही बिघडलं तर कळवायची सरकारी व्यवस्था जुलै २०१५ पासून आहे, मटेरिओव्हिजिलन्स नावाची. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून ती चालते, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्णही फोन करू शकतो.

गुडघ्याचं थोडं सांगतो, कारण तिथं लुटालूट जास्त होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं किमतीला मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा पूर्ण गुडघा ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये, कर वेगळा. हे दुसरं म्हणजे धातूवर सिरॅमिकचा थर. हे आकडे त्या वेळचे आहेत. 'सोन्याचा गुडघा' म्हणून कोणी काही सांगितलं तर विचारा, सोनं किती तोळे? त्यातल्या बहुतेकांत सोनं नसतंच, टायटॅनियम नायट्राइडचा पिवळा थर असतो. तोही सिरॅमिकच. रंगावर पैसे देऊ नका.

त्याच २०१७ च्या आदेशात एक ओळ आहे, ती फारशी कोणाला माहीत नाही. दवाखान्यानं बिलात गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायची आणि ब्रँड, कंपनी, बॅच नंबर लिहायचा. 'पॅकेज' म्हणून एकच आकडा दिला तर ती ओळ मोडली. खुब्याच्या बाबतीत हा आग्रह तुम्हालाच धरावा लागेल.

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीत चिकटवायचे स्टिकर येतात. एक केसपेपरवर लागतो. दुसरा तुमचा. त्यावर कंपनी, मॉडेलचा नंबर आणि 'एलओटी' असं लिहून पुढं लॉट नंबर असतो. डिस्चार्जच्या दिवशी गडबड असते, गाडी खाली उभी असते, तरी तो मागून घ्या. मोबाइलवर फोटो काढा, आणि कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा. ती फाइल आपल्याकडं हरवत नाही.